आत जबाबदार व्यक्ती बसलेली आहे

जगात खरी दुःखं दोनच. एक, आपल्याला गाडी लावायला जागा न मिळणं. आणि दुसरं, शेजाऱ्याला ती मिळणं. बाकीच्या दुःखांवर औषधं निघाली आहेत.

हे मी उगाच लिहीत नाही. आमच्या रस्त्याने पावतीबाईला कसं घालवलं, त्याची पद्धत काय, अशी विचारणा करणारी पत्रं आजूबाजूच्या रस्त्यांवरून आमच्या समितीकडे येत आहेत. (आजवर एकतीस. त्यांतली चार एकाच माणसाची आहेत, पण त्याचा संतापही चार माणसांचा आहे.) प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं समितीचा चिटणीस या नात्याने मला जमणार नाही. माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, ते कोणी चालवायचं? म्हणून सगळी हकिकत एकदाच सांगून टाकतो.

आमचा रस्ता चारशे पावलं लांब आहे. त्यावर तेवीस गाड्यांची जागा पांढऱ्या रंगाने आखून दिलेली आहे, आणि रस्त्यातल्या सभ्य लोकांकडे एकशे चार गाड्या आहेत. यात काही चुकत असेल तर ते रस्त्याचं चुकतं. तरीही आम्ही वर्षानुवर्षं सांभाळून घेत होतो. कोणी फुटपाथवर लावायचं, कोणी दवाखान्याच्या उतारावर, कोणी आगीच्या बंबाच्या नळासमोर. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवरही चार गाड्या बसत. (तिथेही पांढराच रंग असल्यामुळे जागा आखून दिल्यासारखी वाटते.) कुणाची तक्रार नव्हती. पायी चालणारे तक्रार करत, पण ते गाड्यांमधून वाट काढण्यात गुंतलेले असल्यामुळे त्यांना सविस्तर बोलायला वेळ नसे.

अशा सुखी रस्त्यावर सरकारने एक बाई पाठवली. कागदोपत्री तिचं पद 'वाहन-शिस्त सेविका' असं होतं. दंडाच्या पावत्या फाडायची म्हणून आम्ही तिला पावतीबाई म्हणायचो, आणि ती पाठमोरी झाली की आणखी काही म्हणायचो. वय चाळिशीचं, बूट पुसलेले, टोपी एक नंबर मोठी, गळ्यात शिट्टी. ही शिट्टी तिने कधी वाजवली नाही. आमचा याला सक्त आक्षेप होता. वाजवली असती तर निदान पळत येता आलं असतं.

पण तिचा मुख्य दोष हा की ती पैसे खात नव्हती. खाणाऱ्या माणसाशी बोलता येतं, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करता येते, वर्षभरात घरोबा होतो. न खाणाऱ्याशी माणसाने काय बोलायचं? दुसरा दोष, ती मोठ्या माणसांनाही सोडत नसे. एरवी असं कोणी केलं की आपण टाळ्या वाजवतो. पण मोठा माणूस म्हणजे नक्की कोण, हे आधी ठरायला हवं होतं. आमच्या रस्त्यात प्रत्येक जण होता.

पावती फाडली जात असताना नागरिक काय म्हणतात, याची समितीने रीतसर पाहणी केली. शंभरपैकी चौसष्ट जण म्हणाले, "दोनच मिनिटं लावली होती." एकोणीस म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?" अकरा म्हणाले, "आधी त्या पुढच्याची फाडा." पाच जण काही न बोलता पावतीचा बोळा करून रस्त्यावर टाकून गेले. आणि एकाने विचारलं, "किती झाले?" (हा बाहेरगावचा होता.)

समितीची पहिली बैठक दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात झाली. त्या दिवशी त्यांच्या गाडीवर तिसरी पावती चिकटली होती, म्हणून त्यांना एकमताने अध्यक्ष केलं. मी चिटणीस, कारण कागद माझ्याकडे. कोपऱ्यावरचे वकील कायद्यासाठी, आणि बेकरीवाला आवाजासाठी.

बेकरीवाला म्हणाला, "बाई पावाच्या गाडीलासुद्धा सोडत नाही. पाव थंड होतो, त्याचं काय?"

"तू पाव उतरवतोस आणि आत जाऊन पत्ते खेळतोस," वकील म्हणाले.

"मग पाव उतरवल्यावर माणसाने काय उभंच राहायचं?"

वकिलांनी मग तीन दिवस अशिलांना तारखा देऊन नियमांचं पुस्तक पालथं घातलं आणि चौथ्या दिवशी ते हातात धरूनच आले. नियम चौदा, पोटकलम आ. 'ज्या वाहनात जबाबदार व्यक्ती बसलेली असेल ते वाहन उभे केलेले न समजता थांबलेले समजावे. थांबलेल्या वाहनास दंड नाही.'

"जबाबदार म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"वय अठरा पूर्ण."

"आणि वर?"

"वरची मर्यादा नाही," वकील म्हणाले. मग खोलीतला प्रत्येक जण आपापल्या घरातलं म्हातारं माणूस आठवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आमच्या रस्त्यावर अठरा म्हातारी माणसं गाड्यांमध्ये बसवण्यात आली. पुढच्या काचांवर लावायला मी पाट्या छापून घेतल्या: 'आत जबाबदार व्यक्ती बसलेली आहे.' चार दिवसांत पाट्या संपल्या.

समाजात वडीलधाऱ्यांचा मान राहिला नाही, अशी ओरड आपण नेहमी ऐकतो. ती करणाऱ्यांनी त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर यायला हवं होतं. आमच्याकडे तीन भाऊ आहेत. त्यांनी आई चार-चार महिने वाटून घेतली होती, आणि कुणाच्या वाट्याला एकतीस दिवसांचे महिने जास्त येतात यावरून दर वर्षी त्यांची जुंपायची. आता तिघेही सकाळी सात वाजता आईच्या खोलीबाहेर हजर. थोरल्याने तिला नवा चष्मा करून दिला. (काचेतून पावतीबाई येताना दिसायला हवी.) धाकट्याने उशी दिली. मधल्याला काही सुचेना, म्हणून तो पाया पडला.

बेकरीवाल्याने सासरे आणले. त्यांना ऐकू येत नाही, पण बसायला कान लागत नाहीत. वकिलांच्या घरात म्हातारं माणूस शिल्लक नव्हतं, त्यांनी मानधनावर एक काका ठेवले. अध्यक्षांची अडचण खरी होती. सुदैवाने दातांचं इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर व्हायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं त्यांचे रुग्ण आळीपाळीने त्यांच्या गाडीत काढू लागले. त्यांना बोलता येत नसल्यामुळे बाईला फितूर होण्याची भीती नव्हती.

समितीने बसणाऱ्यांसाठी नियमही केले. काच दोन बोटं खाली ठेवावी. हॉर्न वाजवू नये. झोपायला हरकत नाही, पण मान सरळ असावी. (बेकरीवाल्याच्या सासऱ्यांची एकदा पुढे गेली आणि गर्दी जमली.) कोणत्याही कारणाने गाडीतून उतरू नये. आणि या शेवटच्या नियमाला बळकटी म्हणून, पाण्याची बाटली अर्धीच भरून द्यावी.

माझ्या गाडीत माझे वडील बसत. ते घड्याळजी. पंचेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि बारीक काम दिसेनासं झाल्यावर आमच्या दुकानावरच्या मागच्या खोलीत राहायला आले. तिथून त्यांना समोरच्या इमारतीची भिंत दिसते. भिंत चांगली आहे, नुकतीच रंगवली आहे.

पहिल्या दिवशी मी त्यांना हाताला धरून खाली आणलं, गाडीत बसवलं, दार लावलं. त्यांनी पट्टा लावून घेतला आणि विचारलं, "कुठे जायचंय?"

"कुठे नाही, बाबा. नुसतं बसायचंय."

"मग वर बसलोच होतो की."

"तिथे बसून उपयोग नाही."

यावर त्यांनी लावलेला पट्टा सोडला आणि मागे टेकले. माणूस जुना असला तरी मुद्दा त्याला पटतो.

पावतीबाई अकरा वाजून दहा मिनिटांनी आली. एकेक पाटी वाचत गेली, एकेका काचेतून डोकावली आणि एकही पावती न फाडता रस्त्याच्या टोकाला पोचली. आम्ही आपापल्या दारांत उभे राहून हे पाहिलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. (बायकोने हे वाचलं आहे. तिचंही तसंच आहे म्हणाली.)

सरकारी माणसाचं काम संपलं की तो सावलीतली खुर्ची शोधतो, असा आमचा अनुभव. या बाईने उलटंच केलं. ती म्हाताऱ्यांशी बोलायला लागली. कारण विचारलं तर म्हणे, आतली व्यक्ती जबाबदार असल्याची खात्री करून घ्यावी असं परिपत्रक आहे. खात्री करताना ती विचारायची काय, तर जेवलात का, गोळी घेतली का, उन्हाचा त्रास होतो का. तिघा भावांच्या आईची तर दिवसाआड वेणी बघायची आणि म्हणायची, "आज कुणी घातली? धाकट्या सुनेने? छान सरळ आलीय." सरकारी वेळ अशी वाया जाताना आम्ही पाहत होतो आणि नोंदी ठेवत होतो.

माझ्या वडिलांशी ती सगळ्यात जास्त बोले. वडील रोज दाढी करू लागले. अकरा वाजले की काच दोन बोटांची चार बोटं खाली करत. त्यांनी गाडीत बसल्या बसल्या रस्त्यातल्या सगळ्यांची 'दोन मिनिटं' घड्याळ लावून मोजली. अध्यक्षांची दोन मिनिटं तीन तास दहा मिनिटांची भरली, बेकरीवाल्याची सव्वादोन तासांची. हे त्यांनी मला कौतुकाने सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, "बाबा, तुमचं घड्याळ जुनं झालंय."

"माझी किती भरली, ते नाही विचारलंस," ते म्हणाले.

मला दुकानात गिऱ्हाईक होतं.

मग ती घटना घडली. दिवस कडक उन्हाचा होता. बेकरीवाला दारातच उभा होता, त्यामुळे पुढचं सगळं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

पावतीबाई माझ्या गाडीपाशी थांबली आणि म्हणाली, "काका, काय होतंय? घाम किती आलाय."

"काही नाही."

"पोटात दुखतंय?"

"नाही गं. जायचंय जरा." वडिलांनी मान खाली घातली. "पण मुलगा दोनला येणार. तोवर उठू नका म्हणालाय."

"अहो, आत्ता सव्वाबारा झालेत."

"बारा सतरा."

"बरं, बारा सतरा. समोर बेकरीत जाऊन या. मागच्या बाजूला आहे त्यांच्याकडे."

"आणि गाडी? उतरलो तर पावती फाडायला लागेल ना तुला?"

बाईने क्षणभर विचार केला. गाडीचं दार उघडलं, वडिलांना हात देऊन उतरवलं आणि त्यांच्या जागेवर स्वतः बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "जा सावकाश. माझं वय अठरा पूर्ण आहे."

बेकरीवाल्याने वडिलांना आतली वाट दाखवली (तो माणूस मनाने वाईट नाही) आणि लगेच बाहेर येऊन फोटो काढला. फोटोत गणवेशातली बाई एका नागरिकाच्या गाडीत मागे टेकून बसलेली स्पष्ट दिसते. फोटोला आवाज नसतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

तक्रार मी लिहिली. 'कामाच्या वेळेत खासगी वाहनात विश्रांती.' गाडी माझीच असल्यामुळे तक्रारीला वजन आलं. संध्याकाळी जेवताना मी हे घरात सांगितलं, तेव्हा वडिलांनी घास खाली ठेवला.

"ती माझ्यासाठी बसली होती."

"असेल. पण बसली ना?"

"तिची नोकरी जाईल. घरी म्हातारी आई आहे तिची. दोघींचं यावरच चालतं."

"आई आहे तर तिला गाडीत बसवायचं."

"तिच्याकडे गाडी नाही," वडील म्हणाले. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "मी येतो सुनावणीला. काय झालं ते सांगतो."

"या की," मी म्हणालो. मी त्यांना अडवलं असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. सुनावणीच्या दिवशी मी त्यांना स्वतः गाडीतून घेऊन गेलो. सरकारी कचेरीसमोर गाडी लावायला जागा नव्हती, 'वाहन उभे करू नये' अशी भली मोठी पाटी होती. म्हणून वडिलांना गाडीतच ठेवून आम्ही चौघे दुसऱ्या मजल्यावर गेलो.

साहेबांच्या खोलीत एक पंखा, एक शिपाई आणि छतापर्यंत गठ्ठे होते. पावतीबाई भिंतीशी उभी होती. साहेबांनी तक्रार वाचली, फोटो पाहिला आणि तिला विचारलं, "बसला होतात?"

"बसले होते, साहेब. काकांना जायचं होतं म्हणून."

"याला साक्षीदार?"

"काका स्वतःच."

"कुठे आहेत ते?"

"खाली गाडीत," मी म्हणालो.

"बोलवा वर."

वकील उठले. "बोलवता येणार नाही, साहेब. ते उतरले की गाडी उभी केलेली होईल. नियम चौदा, पोटकलम आ."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग दुसरं कोणी बसवा तोवर."

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तक्रारदारांनी ऐन सुनावणीत उठून जाणं बरं दिसत नाही. साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई म्हणाला, "गाडीत बसणं माझ्या कामात मोडत नाही." (हे तो स्टुलावर बसून म्हणाला.)

"मी बसते, साहेब," पावतीबाई म्हणाली. "काकांना येऊ दे वर. फक्त जिना सावकाश चढू द्या त्यांना, घाई करू नका." आणि कुणी काही म्हणायच्या आत ती खाली गेली.

साहेब उठून खिडकीशी गेले. खाली माझ्या गाडीत पावतीबाई बसली होती, टोपी मांडीवर. साहेबांनी फोटो खिडकीशी धरला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं. फरक एवढाच, की फोटोत ऊन जास्त होतं.

"शिवाय, साहेब," वकील हळूच म्हणाले, "आरोप असलेली व्यक्ती हजर नसताना साक्ष घेता येणार नाही. ती वर आली तर साक्षीदाराला खाली जावं लागेल."

कायद्याची अशी स्वच्छ गाठ मी आयुष्यात पाहिली नव्हती. साहेबांनी लिहिलं: 'सुनावणी चालू असताना, अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत, त्याच वाहनात, तोच प्रकार पुन्हा केला. वेगळ्या पुराव्याची गरज नाही.' सही केली, शिक्का मारला.

शिक्क्याची शाई वाळत असताना वडील दारात पोचले. दोन मजले चढायला त्यांना अकरा मिनिटं लागली.

"मला सांगायचंय," ते म्हणाले.

"काका, झालं सगळं," साहेब म्हणाले. "उतरताना सावकाश."

वडिलांनी टेबलावरचा कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "खाली गाडीत तीच आहे ना?"

"हो."

"मग मी बसतो इथे जरा." त्यांनी शिपायाचं स्टूल ओढलं. "पाणी मिळेल? ग्लास भरून द्या."

ते दोन ग्लास प्यायले. आम्ही थांबलो. समितीने कधी कुणाला पाण्याला नाही म्हटलेलं नाही.

अशा रीतीने आमचा रस्ता मुक्त झाला. बाईच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. दंडच नाही, त्यामुळे गाड्यांत कुणाला बसवायचं कारणही उरलं नाही. अठराच्या अठरा माणसं परत आपापल्या ठिकाणी ठेवण्यात आली. तिघा भावांनी आई पुन्हा वाटून घेतली. चष्मा मात्र थोरल्याने परत मागितला नाही, माणसाचं मन मोठं आहे.

आता एकशे चारही गाड्या रस्त्यावर मावतात. त्या हलत नाहीत, ही गोष्ट वेगळी. तीन आठवड्यांत एकही गाडी बाहेर निघालेली नाही. निघायला वाट नाही, आणि निघालं तर जागा जाईल. बेकरीवाला कोपऱ्यापासून पाव डोक्यावरून आणतो, थंडच. दवाखान्यातले रुग्ण कोपऱ्यापासून चालत येतात. चालणं प्रकृतीला चांगलं असं डॉक्टरच सांगतात. तक्रार कुणाचीच नाही, कारण तक्रार करायला आता कोणी नाही.

माझे वडील मात्र रोज खाली येतात. दाढी करून, कठडा धरून, आपले आपण. अकराच्या सुमारास गाडीत बसतात आणि काच चार बोटं खाली करतात. मी दोनदा सांगितलं, बाबा, आता गरज नाही. म्हणाले, "माहीत आहे." मीही हट्ट धरत नाही. गाडीची राखण होते.

परवा दुकानात जाता जाता काचेतून विचारलं, "काही हवंय का?"

त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "तुला उशीर होईल."

"आहेत दोन मिनिटं," मी म्हणालो.

"माहीत आहेत मला तुझी दोन मिनिटं," ते म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याच्या टोकाकडे बघत बसले.

पत्रं पाठवणाऱ्यांनी पद्धत नीट समजून घ्यावी. (बाईचं पुढे काय झालं, असं एकतीसपैकी एकाही पत्रात विचारलेलं नाही, म्हणून तो भाग लिहीत नाही.) फार काही लागत नाही. एक वकील लागतो, तो मिळतो. एक फोटो लागतो, तो काढता येतो. आणि एक म्हातारं माणूस लागतं. ते तुमच्या घरात असेलच. त्याच्याशी शेवटचं कधी बोललात, ते समितीला कळवायची गरज नाही. फक्त कुठे ठेवलंय, तेवढं आजच बघून घ्या.